वेस गेली, थांबा राहिला

व्याही आलेत, दर्याकाठच्या कोटातून.
पिशवीत सुके बांगडे, वर्तमानपत्रात तीनदा गुंडाळलेले,
तरी अख्ख्या एसटीला कळलेच.
चहा होताच म्हणाले, गाव दाखवा. चौक दाखवा.
आमच्याकडे चौकातून सरळ खाली गेलं
की दरवाजा,
आणि दरवाज्याबाहेर पाणी.

ह्यांना आता काय दाखवू?
एकतीस वर्षं सिटी बसच्या दारात उभारून ओरडलो,
बाळीवेस! तुळजापूर वेस! विजापूर वेस!
दोरी ओढली, घंटी वाजवली,
सुटे नाहीत म्हणून लोकांचे पाच-पाच पैसे ठेवून घेतले,
पण खरं सांगतो, एकही वेस पाहिली नाही.
दगड कुणाच्या जोत्यात जाऊन बसले, कोण जाणे.
नाव तेवढं रस्त्यावर राहिलं,
लग्नघरात एखाद्याची चप्पल राहते तसं.

मधल्या मारुतीपाशी नेऊन उभं केलं त्यांना.
हा चौक, म्हटलं.
कुंकवाचे ढीग, नाडे, स्टीलचे डबे,
शेंगाचटणी कुटल्याचा वास,
येमुलांच्या दुकानात तेलुगूत भाव, कन्नडात घासाघीस,
उर्दूत शपथ
आणि उधारी मराठीत.
हातगाडीवाला खेकसला, "मधीच काय उभारलाव ओ, सरका की!"
व्याह्यांनी टाचा उंचावून चारी बाजूंना पाहिलं.
"दर्यो खंय?"
थट्टाच ती. पण मी ओशाळलो,
जणू मीच कुठंतरी ठेवून विसरलो होतो.

म्हटलं, गिरणी होती तेव्हा भोंगा व्हायचा.
पहिल्या भोंग्याला गल्ल्या भरायच्या,
केसांत कापूस घेऊन माणसंच माणसं,
मग ओस.
म्हणजे भरती-ओहोटी, ते म्हणाले.
असेल, म्हटलं. आता नुसती ओहोटी.
तीही भोंग्याशिवाय.

किल्ल्याच्या भिंतीला त्यांनी तळहात लावला,
बैलाच्या पाठीला लावतात तसा.
"ह्या पाणी खारा?"
नाही, तळ्याचं.
त्यांनी मान हलवली,
स्थळ नाकारताना हलवतात तशी.

स्थळ.
महानंदा गेली तेव्हा ह्याच चौकात,
भर दुपारी, चुलतभावानं मला गाठलं होतं,
"पोरीनं अब्रू वेशीवर टांगली की रे!"
मी मान खाली घातली. दोन वर्षं तिचा फोन घेतला नाही.
तेव्हाच विचारायला पाहिजे होतं,
कुठल्या वेशीवर, दादा?
चल, दाखव. खिळा तरी दाखव.

पण मी कोण विचारणारा?
फळीमागं आमच्याकडं एक कपबशी असते,
कान तुटलेली,
वेशीबाहेरच्यांसाठी, माझ्या आईच्या वेळेपासून.
आज सकाळी ही चहा ओतत होती
तेव्हा मी आधी कप पाहिला,
मग व्याह्यांच्या तोंडाकडं.
कान होता कपाला.
हिनं पाहिलं, मी काय पाहिलं ते.

व्याह्यांनी एक चादर घेतली, मोरांची.
दोन्ही हात फाकून वाव मोजावा तशी मोजली,
"पागूक ल्हान," म्हणाले, आणि हसले एकटेच.
दुकानदाराला कळलं नाही. मलाही नंतर कळलं.

परतीच्या बसला नवा पोरगा होता, कानात वायर,
तरी आवाज तोच, माझाच,
"बाळीवेस, बाळीवेस उतरा!"
व्याही उठले, पायरी उतरले
आणि रस्त्यावर पाय ठेवल्यावर
एकदम खाली वाकले,
कमान ठेंगणी असावी तसे.
वर तारा होत्या, एक पतंग, ऊन.
सवय, म्हणाले.
चादर त्यांनी दुसऱ्या काखेत घेतली.

घरी बांगडे अजून पिशवीतच असणार.
ही दारातच विचारेल,
कुठल्या तव्यावर?
चार गल्ल्या उरल्यात.
मी अजून ठरवलेलं नाही.